गाठीवर छापून आलं ‘फोन : फॉल्स’! आरपीसीतून येणारा डब्यात-डबा डेटा कसा उघडायचा?

सातरस्ता_स्क्रिप्टवाला

नमस्कार मंडळी. आधी झालेला घोळ सांगतो, मग प्रश्न.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्या मालकांचं काम घेतलंय. ऐकायला सोपं, ऑर्डरी त्यांच्या ओडूत (धंद्याचं सॉफ्टवेअर) असतात, तिथनं पायथॉनच्या स्क्रिप्टनं ओढायच्या आणि प्रत्येक गाठीवर चिकटवायचं लेबल थर्मल प्रिंटरवर काढायचं, पार्टीचं नाव, माल, साइज, किती डझन, फोन, बास. सर्व्हर लांब कुठंतरी क्लाऊडवर, बोलायचं एक्सएमएल-आरपीसीनं (आरपीसी म्हणजे लांबच्या मशीनवरचं फंक्शन इकडनं कॉल करायची पद्धत). लॉगिन झालं, ऑर्डरी आल्या, मला वाटलं दोन दिवसात पैसे हातात. काल संध्याकाळी पहिली चाळीस लेबलं काढली आणि गोडाऊनमधल्या पोरांनी न बघता चिकटवून पण टाकली. सकाळी मालकांचा फोन, "ओ साहेब, हे फॉल्स कोण?"

लेबलवर असं छापलं होतं:

पार्टी : [१७, 'अमुक टेक्स्टाईल्स']
फोन : फॉल्स

कंस, कॉमा, कोट सगळं जसंच्या तसं, आणि फॉल्स म्हणजे पायथॉनचं ‘नाही’. बरं, माल आणि डझन तर आलेच नाहीत, ती जागा कोरी. एक ऑर्डर अशी येते (मोबाईलवरनं लिहितोय, म्हणून फील्डची नावं मराठीत केलीत):

{'नाव': 'एसओ-१४२', 'पार्टी': [१७, 'अमुक टेक्स्टाईल्स'], 'फोन': फॉल्स, 'ओळी': [९०१, ९०२, ९०३], 'तारीख': '२०२५-०१-०५ १९:४५:००'}

मी लिहिलं होतं ऑर्डर['ओळी'][०]['माल'], तर टाइपएरर, म्हणे पूर्णांकाच्या आत शिरता येत नाही. मग सगळ्यालाच ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तरी गिळून पुढं जा) लावलं, एरर गेली आणि लेबल कोरं झालं. नंतर कळलं की ओळींचे नुसते आयडी येतायत, म्हणून प्रत्येक आयडीला वेगळा कॉल मारला, तर तीनशे ऑर्डरी, सरासरी आठ ओळी, म्हणजे चोवीसशे कॉल आणि एकेकाला अर्धा सेकंद. वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. तोवर गाडी भरून निघून जाते.

गड्ड्याच्या (आमची सिद्धेश्वर यात्रा) आत काम द्यायचंय, नंतर पोरं यात्रेत आणि मालक पण यात्रेत. कुणीतरी नीट सांगा, हा डब्यात डबा प्रकार हाताळायची पद्धत काय असते? प्रत्येक ठिकाणी इफ लावत बसायचं का?

---

गड्डाफॅन

फॉल्स नावाची पार्टी म्हणजे उधारीवाली असणार बे, माल देऊ नको म्हणावं मालकांना 😄

---

पर्ल_काका

पोरा, आधी ते ट्राय-एक्सेप्ट काढ. रात्री कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधून झोपण्यातला प्रकार आहे तो. एरर तुला खरं तेच सांगत होती, पूर्णांकाच्या आत काही नसतं.

तुझी चूक कोडची नाही, तू डेटा न बघता कोड लिहिलास ही आहे. तुझ्या डोक्यात ऑर्डर, तिच्या आत ओळी, ओळीच्या आत माल असं चित्र होतं आणि समोरच्यानं पाठवलेलं चित्र वेगळंच. आरपीसीची गंमतच अशी की फंक्शन कॉल केल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस गाफील राहतो. १९८४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या लॅबमधल्या बिरेल आणि नेल्सन या दोघांनी आरपीसीवरचा पेपर लिहिला, त्यांचा हेतूच तो होता, लांबच्या मशीनवरचा कॉल घरच्यासारखा सोपा वाटावा. वाटतो सोपा. पण मधे डेटाची गाठ बांधली जाते आणि इकडं सोडली जाते. तुमच्या टॉवेलचंच बघ की, लूमवरनं निघालेला टॉवेल आणि गाठीतनं काढलेला टॉवेल, घडी कुणी कशी घातली ते सोडणाऱ्याला माहीत पाहिजे.

एक्सएमएल-आरपीसी १९९८ चं, डेव्ह वायनर यांनी मायक्रोसॉफ्टच्या लोकांबरोबर बसवलेलं, त्यातनंच पुढं सोप (एसओएपी, एक्सएमएलवरचीच दुसरी पद्धत) निघालं. स्पेक एवढी छोटी की चहा गार व्हायच्या आत वाचून होते. साधे प्रकार सहा : पूर्णांक, बूलियन (होय-नाही), स्ट्रिंग (मजकूर), डबल, तारीख-वेळ, बेस६४. आणि डबे दोनच, अ‍ॅरे आणि स्ट्रक्ट. पायथॉनमधे आल्यावर त्याची लिस्ट आणि डिक्शनरी (प्रत्येक किमतीला नाव, म्हणजे की, असलेली) होते. डब्यात काय ठेवायचं यावर बंधन नाही, अ‍ॅरेत पहिला पूर्णांक आणि दुसरी स्ट्रिंग असली तरी चालतं, तुझ्या पार्टीचं तेच झालंय.

आता सहा प्रकार परत मोज. त्यात ‘काहीच नाही’ यासाठी प्रकार दिसतोय का? नाही. निल हे नंतर जोडलेलं एक्स्टेन्शन आहे, सगळीकडं चालेलच असं नाही. पायथॉनच्या लायब्ररीतनं नन (पायथॉनचं ‘काहीच नाही’) पाठवायला गेलास तर अलाऊ-नन चालू केल्याशिवाय ती सरळ नकार देते. म्हणून रिकाम्या जागेसाठी कुणी रिकामी स्ट्रिंग पाठवतं, कुणी ती की-च गाळतं, कुणी फॉल्स पाठवतं. तिघांचाही धंदा चालूच आहे.

आता काम सांगतो. एक छोटं फंक्शन लिही जे डेटाच्या आत आत उतरत जातं. डिक्शनरी भेटली की प्रत्येक की-मधे उतर, लिस्ट भेटली की प्रत्येक घटकात उतर (पहिल्याच घटकावर थांबू नको, दगा देतो), आणि साधी किंमत भेटली की पत्ता आणि टाइप वहीत लिही. पत्ता म्हणजे ‘ऑर्डर.फोन’, ‘ऑर्डर.पार्टी.१’ असा. एका ऑर्डरीवर नाही, तीनशेच्या तीनशे ऑर्डरींवर चालव आणि प्रत्येक पत्त्यावर कुठले टाइप किती वेळा आले ते मोज. दहा-बारा ओळींचं काम आहे. ते इथं टाक, मग बोलू.

---

सातरस्ता_स्क्रिप्टवाला

काका, पाया पडतो. चालवलं. हे निघालं:

ऑर्डर.नाव : स्ट्रिंग ३००
ऑर्डर.पार्टी.० : पूर्णांक ३००
ऑर्डर.पार्टी.१ : स्ट्रिंग ३००
ऑर्डर.फोन : स्ट्रिंग २११, बूल ८९
ऑर्डर.ओळी : पूर्णांक, तीन ऑर्डरीत लिस्टच रिकामी
ऑर्डर.तारीख : स्ट्रिंग ३००

म्हणजे एकोणनव्वद पार्ट्यांचा फोनच भरलेला नाही आणि मी मात्र पहिल्या दोन ऑर्डरी बघून कोड लिहिला होता, त्या दोघांचा नेमका फोन होता. तारीख पण मला वाटलं तारखेचा ऑब्जेक्ट येत असेल, ती तर साधी स्ट्रिंग निघाली.

जाताजाता, मराठी नावांवरनं आठवलं, पायथॉन ३ मधे व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं हे काल खेळता खेळता कळलं! आकडा मात्र कोडमधे देवनागरीत लिहिला तर चिडतं, पण स्ट्रिंगमधला '१२' इंट करायला दिला तर गुपचूप बारा करून देतं. मालकांच्या मुनीमजींनी एका ठिकाणी डझन मराठी आकड्यात भरलेत, तिथं हे उपयोगी पडलं.

---

लूमचा_आवाज

मी ओडूवरच काम करतो, चार वर्षं झाली, जुळे सोलापुरात बसून. काकांनी पाया सांगितला, मी ओडूपुरतं सांगतो.

पार्टी [१७, 'नाव'] अशी येते कारण ते दुसऱ्या टेबलकडं बोट दाखवणारं फील्ड आहे. आयडी आणि दाखवायचं नाव अशी जोडी देतात म्हणजे नुसत्या नावासाठी परत कॉल लागू नये. पण तेच फील्ड रिकामं असलं की जोडी येत नाही, फॉल्स येतं. म्हणून डोळे झाकून [१] लिहू नको. तुझ्या पार्टीत तीनशेच्या तीनशे जोड्या आल्या कारण पार्टीशिवाय ऑर्डर सेव्हच होत नाही, ओळीतल्या मालाचं तसं नाही. ऑर्डरीत मधेच ‘पांढरा माल’, ‘रंगीत माल’ असं हेडिंग टाकायची किंवा टीप लिहायची सोय असते, ती पण ओळ म्हणूनच येते आणि तिचा माल फॉल्स असतो. वही परत काढ, ओळींवर चालव, सापडेल बघ.

‘ओळी’ म्हणजे एकाच्या खाली अनेक, तिथं नुसती आयडींची लिस्ट येते. आत उतरायचं असेल तर दुसरा कॉल लागतोच, पण दुसरा म्हणजे एकच दुसरा, चोवीसशे नव्हे. सगळ्या ऑर्डरींचे आयडी गोळा कर आणि ओळींच्या मॉडेलला (ओडूतलं टेबल) एकदाच सर्च-रीड (शोधून वाचायचा कॉल) मार, अट घाल की ओळीची ऑर्डर या लिस्टीतली हवी. आणि फील्ड पण जेवढी पाहिजेत तेवढीच माग, न सांगता मागितलं तर तो सगळा संसार पाठवतो. ओळी सगळ्या एका सपाट लिस्टीत येतील. प्रत्येक ओळीत ‘ऑर्डर’ हे फील्ड असतं, ते पण [१४२, 'एसओ-१४२'] असं जोडीतच, त्यातला पहिला आकडा घेऊन एका डिफॉल्टडिक्टमधे ओळी ज्या त्या ऑर्डरीखाली टाकत जा. झालं, डबा परत तयार, पण आता तू स्वतः भरलेला.

आणि फॉल्सबद्दल एक. ‘इफ नॉट’ लावून मोकळा होशील तर दुसरीकडं फसशील. डझन शून्य आले तरी ते ‘नॉट’च, आणि होय-नाहीचं फील्ड असेल तर फॉल्स हे खरंच उत्तर असतं. पायथॉनमधे फॉल्स हा आकडा पण आहे, फॉल्स अधिक पाच केलं तर पाच येतात, काही कुरकुर करत नाही. म्हणून फील्डचा प्रकार माहीत पाहिजे. त्यासाठी फील्ड्स-गेट नावाची मेथड आहे, मॉडेलला विचारलं की प्रत्येक फील्डचा टाइप सांगते. टाइप बूलियन असेल तर फॉल्स तसंच राहू दे, बाकी कुठं फॉल्स दिसलं की नन कर.

तारखेचं आत्ताच बघून घे, नंतर रडशील. ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) येते. तू टाकलेल्या उदाहरणात पाच तारखेचे पावणेआठ दिसतायत, आपल्याकडं त्यात साडेपाच तास मिळवले की सहा तारखेची रात्रीची सव्वा वाजतेय. रात्रपाळीत भरलेल्या ऑर्डरींवर आदल्या दिवसाची तारीख छापशील आणि मग हिशेबाला भांडण.

---

पीएचपी_पैलवान

एवढं पुराण कशाला सांगायलाव राव. मी तर एकच हेल्पर ठेवलाय, ‘खोलवर’ नावाचा. त्याला डेटा द्या, रस्ता द्या, नाही सापडलं तर काय द्यायचं ते द्या. खोलवर(ऑर्डर, 'ओळी.०.माल.१', '') झालं. पीएचपी ७ पासून डबल प्रश्नचिन्ह आहे, ८ मधे प्रश्नचिन्ह-बाण पण आलंय, जावास्क्रिप्टवाल्यांना २०२० पासून प्रश्नचिन्ह-टिंब आहे. भाषाच देतेय की सोय. रस्त्यात काही नसलं की गप रिकामं देतं, पान फुटत नाही, क्लायंट खूश.

---

हिंजवडीतली_सोलापूरकरीण

@पीएचपी_पैलवान, पान फुटत नाही हे खरंय दादा, पण सातरस्ताचं लेबल पण फुटलं नव्हतं ना, कोरं निघालं होतं. तुमचा ‘खोलवर’ आणि त्याचा ट्राय-एक्सेप्ट एकाच आईची लेकरं. फील्डचं नाव उद्या समोरच्यानं बदललं, किंवा तुमच्याकडनंच ‘माल’च्या जागी ‘मल’ टाइप झालं, तर तुमचा हेल्पर सहा महिने गप रिकामं देत राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. जे नसलं तरी चालतं (फोन) तिथं तो वापरा, जे असलंच पाहिजे (माल, डझन) तिथं ओरडू दे प्रोग्रामला.

आणि माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. तुम्ही सगळे त्या आलेल्या डिक्शनरीलाच कडेवर घेऊन प्रोग्रामभर फिरायलाव. प्रिंटरच्या फंक्शनमधे ऑर्डर['पार्टी'][१], बेरजेच्या फंक्शनमधे ओळ['माल'][१], सगळीकडं ते चौकटी कंस. प्रिंटरला कशाला माहीत पाहिजे ओडू पार्टीचं नाव जोडीतल्या दुसऱ्या जागेवर ठेवतं ते? उंबऱ्यावरच चपला काढा ना. डेटा आला की एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमधे, त्याचं आपल्या घरच्या गोष्टीत रूपांतर करायचं. एक डेटाक्लास (ठरलेल्या फील्डांचा आपला साचा) कर, ‘गाठलेबल’, त्यात पार्टी स्ट्रिंग, फोन स्ट्रिंग किंवा नन, माल स्ट्रिंग, डझन आकडा, तारीख आपल्या वेळेतली. जोडी सोडणं, फॉल्सचं नन करणं, यूटीसी, हेडिंगवाल्या ओळी गाळणं सगळं तिथंच. त्याच्या पुढं कुणालाही आतला डबा दिसता कामा नये. उद्या मालकांनी ओडू सोडून दुसरं काही घेतलं तरी तू तेवढं एकच फंक्शन बदलणार.

आमच्याकडं जीआरपीसी (गूगलची आरपीसी पद्धत) आहे, तिथं प्रोटो फाईलमधे आधीच लिहिलेलं असतं कुठल्या डब्यात काय, त्यामुळं जोडी-बिडी भानगड नाही. पण तिथं दुसरी आहे. प्रोटो३ मधे साधं आकड्याचं फील्ड न पाठवलेलं आणि शून्य पाठवलेलं, दोन्ही इकडं शून्यच दिसतं. डझन शून्य की डझन भरायचे राहिले, सांगता येत नाही. मग त्या फील्डला ऑप्शनल लावावं लागतं, ते प्रोटोकॉल बफर्सच्या आवृत्ती ३.१५ पासून परत नीट मिळालं. आतला मेसेज मात्र आला की नाही ते विचारता येतं, पण न विचारता आत शिरलं तर तो बिचारा रिकामा मेसेज देतो, एरर नाही. मी एकदा अशाच रिकाम्या पत्त्यावर दोन दिवस डोकं फोडलंय. दुसरं म्हणजे उत्तर चार एमबीच्या वर गेलं की मूळ सेटिंगमधे ते घेतच नाही, मर्यादा वाढवा नाहीतर तुकडे करून मागवा.

हुतात्मात बसलेय, दौंड गेलं की नेट जाईल, बाकी घरी पोचून.

---

पर्ल_काका

उंबऱ्याचं बरोबर बोललीस अक्का.

‘नुसतं बघितलं तरी डबा तयार होतो’ हा प्रकार माहीत आहे का कुणाला? पर्लमधे ऑर्डरच्या आत पार्टी, पार्टीच्या आत फोन आहे का असं नुसतं एक्झिस्ट्सनं विचारलं, तर फोन तयार होत नाही पण मधला पार्टीचा रिकामा हॅश (पर्लची डिक्शनरी) आपोआप तयार होतो. एकदा मी आलेल्या डेटात ‘कुणाकुणाची पार्टी नाही’ ते मोजत होतो, पहिल्यांदा चौदा आले, परत मोजलं तर शून्य. मोजणाऱ्यानंच पार्ट्या वाढून ठेवल्या होत्या. नवी पेठेतल्या ऑफिसात रात्री साडेदहाला एकटाच हसलो होतो. सातरस्ता, तुझ्या डिफॉल्टडिक्टची पण हीच सवय आहे हां, चौकटी कंसानं विचारलंस की नसलेली ऑर्डर तिथं रिकाम्या लिस्टीसकट जन्माला येते. भरून झालं की साधा डिक्ट करून घे, किंवा बघताना गेट वापर.

---

पीएचपी_पैलवान

बरं, पटलं थोडं. पण माझी पण एक घ्या, फुकट देतोय.

पीएचपीच्या सोप क्लायंटमधे ऑर्डरीला तीन ओळी असल्या की तीनची अ‍ॅरे येते, आणि एकच ओळ असली की अ‍ॅरे न येता ती ओळच सुटी येते, ऑब्जेक्ट म्हणून. मग फोरईच त्या एका ओळीच्या फील्डवरनंच फिरायला लागतो. मोठ्या पार्ट्यांचं सगळं बरोबर आणि एकच आयटम घेणाऱ्या छोट्या गिऱ्हाइकाचं बिल चुकीचं, मला वाटलं डेटा खराब आहे. सिंगल-एलिमेंट-अ‍ॅरेज नावाचं फीचर चालू केलं की एकाचीही अ‍ॅरे येते. लय उशिरा कळलं.

उलटी भानगड आपण स्वतः पाठवतो तेव्हा. पीएचपीत अ‍ॅरेतनं फिल्टर करून काही ओळी काढल्या की क्रमांकांत भोक पडतं, ०, २, ३. जेसन (डेटा मजकुरात लिहून पाठवायची पद्धत) केलं की त्याची लिस्ट होत नाही, '०', '२', '३' अशा कीजचा ऑब्जेक्ट होतो. समोरचा बोंबलतो की काल लिस्ट येत होती आज काय पाठवलं. अ‍ॅरे-व्हॅल्यूजमधनं काढून पाठवायचं, बास. आणि रिकामी अ‍ॅरे तर कायम लिस्ट म्हणूनच जाते, समोरच्याला ऑब्जेक्ट हवा असला तरी.

---

नवशिका_होटगीरोड

मधे बोलतो, माफ करा. माझं जेसन-आरपीसी (एक्सएमएलच्या जागी जेसन) आहे. मी रिस्पॉन्सचा स्टेटस २०० (वेबचं ‘ठीक आहे’) बघतो आणि मग ['रिझल्ट']['आयटम्स'] मधे शिरतो. कधी कधी कीएरर येते ‘रिझल्ट’च नाही म्हणून. स्टेटस तर २०० च असतो. असं का?

---

लूमचा_आवाज

कारण २०० म्हणजे पाकीट पोचलं एवढंच, आत चेक आहे का नोटीस ते उघडल्याशिवाय कळत नाही. जेसन-आरपीसी २.० मधे उत्तरात रिझल्ट असतो किंवा एरर असते, दोन्ही एकदम कधीच नाही. आधी एरर आहे का बघ, मगच रिझल्टमधे शिर. एररमधे कोड आणि मेसेज असतो, उणे ३२६०१ म्हणजे त्या नावाची मेथडच नाही, उणे ३२६०२ म्हणजे पॅरामीटर चुकले. डेटा नावाचा अजून एक डबा असू शकतो, त्याच्या आत काय ते सर्व्हरवाल्याच्या मर्जीवर, त्यावर अवलंबून राहू नको, लॉगमधे मात्र पूर्ण लिही.

आणि बॅच मारत असशील, म्हणजे एकाच वेळी दहा कॉल, तर उत्तरं त्याच क्रमानं येतील असं धरू नको, कुठल्याही क्रमानं आलेली चालतात. आयडी जुळवून घ्यायचं.

एक्सएमएल-आरपीसीत हाच घोळ फॉल्ट नावानं येतो (आपल्या फॉल्सचा भाऊ नव्हे). पायथॉनची लायब्ररी त्याचं एक्सेप्शन करून देते, त्यामुळं तिथं सुटतोस. पण नेट तुटणं वेगळं आणि सर्व्हरनं नाही म्हणणं वेगळं, दोन्ही एकाच एक्सेप्टमधे टाकू नको. नेट तुटलं तर परत विचारायला हरकत नाही, निदान नुसतं वाचत असशील तेव्हा. सर्व्हर ‘परवानगी नाही’ म्हणाला तर शंभरदा विचारून पण तो तेच म्हणणार.

---

नवशिका_होटगीरोड

कळलं! एरर बघितली तर उणे ३२६०२ च होतं, मी पानाचा नंबर स्ट्रिंग पाठवत होतो. धन्यवाद दादा.

---

सातरस्ता_स्क्रिप्टवाला

मंडळी, अपडेट. अक्कांनी सांगितलं तसं ‘गाठलेबल’ केलं, उंबऱ्यावरच्या फंक्शनचं नाव पण ‘उंबरा’च ठेवलंय, मालकांच्या पोरानं कोड उघडून बघितला आणि विचारलं हे काय, म्हटलं चपला काढायची जागा.

ओळींवर वही चालवली. ‘लूमचा आवाज’ दादा म्हणाले ते तंतोतंत, एकवीस ओळींचा माल फॉल्स, सगळी हेडिंगं, ‘होलसेल’, ‘एक्स्पोर्ट रिजेक्ट’ वगैरे. आणि रिकाम्या लिस्टवाल्या त्या तीन ऑर्डरी म्हणजे कुणीतरी उघडून तशाच सोडलेल्या, त्यांचं लेबल काढायचंच नाही. मालकांनी त्या बघून ज्याला बोलायचं त्याला बोलून घेतलं.

चोवीसशेच्या जागी आता ऑर्डरींचा एक, ओळींचा एक आणि एकदा फील्ड्स-गेटचे दोन कॉल. वीस मिनिटांचं काम मी खुर्ची ओढून बसेपर्यंत होतंय. खरं सांगू का, पहिल्यांदा एवढ्या लवकर संपलं तेव्हा परत काहीतरी कोरं आलं असणार असंच वाटलं.

पण नवीन दुखणं. मालक म्हणाले त्या एकोणनव्वद पार्ट्यांचे फोन आमच्या एक्सेलमधे आहेत, ते ओडूत भरून टाका. एक्सेलमधनं वाचले, पाठवायला गेलो तर इकडच्या इकडंच ओव्हरफ्लोएरर. दहा आकड्यांनी काय ओव्हरफ्लो होतंय? बादली आहे का ती?

---

पर्ल_काका

बादलीच आहे, बत्तीस बिटांची. मूळ एक्सएमएल-आरपीसीतला पूर्णांक २१४७४८३६४७ च्या वर जात नाही. तो पण दहा आकडीच, पण आपले मोबाईल नंबर सहा, सात, आठ, नऊनं सुरू होतात, म्हणजे एकही त्या बादलीत मावत नाही. पायथॉनची लायब्ररी निदान पाठवायच्या आधीच सांगते.

मोठी बादली शोधत बसू नको. जेसनवर गेलास आणि समोर जावास्क्रिप्ट असलं तर तिथं ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढं आकडे घसरायला लागतात, फोन त्यात मावेल पण बँकेचा मोठा खाते नंबर नाही मावला तर? फोन नंबर हा आकडा नाहीच मुळी. त्याची बेरीज करतोस का कधी? स्ट्रिंग कर आणि पाठव. एक्सेलनं काहींच्या शेवटी ‘.०’ चिकटवलं असेल आणि लँडलाइनच्या पुढचं शून्य खाल्लं असेल, ०२१७ चं २१७ झालेलं असणार, ते बघून घे आधी.

---

गड्डाफॅन

काका म्हणजे काय, ०२१७ पर्यंत पोचले 🙏

---

हिंजवडीतली_सोलापूरकरीण

पोचले घरी. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आता बोलायला जीव आला.

सातरस्ता, पाठवताना पण उंबरा ठेव, उलट्या दिशेचा. येताना फॉल्सचं नन करतोस तसं जाताना ननचं परत फॉल्स करावं लागेल, नाहीतर काका वर म्हणाले तसा लायब्ररीचा नकार येईल. आणि पार्टी येताना जोडीत येते पण पाठवताना नुसता आयडी द्यायचा, जोडी नाही. येणं आणि जाणं याचा आकार वेगळा, हे सगळ्यात जास्त लोकांना फसवतं, आलेली डिक्शनरी उचलून एक फील्ड बदलून तशीच परत पाठवायला जातात.

अजून एक, ते तीनशे ऑर्डरींचं उत्तर एकदा फाईलमधे सेव्ह करून ठेव, पार्ट्यांची नावं आणि फोन बदलून. पुढचं टेस्टिंग त्या फाईलवर कर, मालकांच्या चालू सर्व्हरवर नको. फॉल्सवाली एक, हेडिंगवाली एक, रिकामी एक आणि रात्री सव्वाची एक ऑर्डर त्यात असलीच पाहिजे.

---

सातरस्ता_स्क्रिप्टवाला

फोन भरून झाले. एक्सेलमधे अकरा ठिकाणी ‘.०’ होतं आणि चार लँडलाइनचं शून्य गेलेलं, काका तुम्ही आमचं एक्सेल बघितलं होतं का आधीच? पार्टीची जोडी पाठवायची चूक मी अर्ध्या तासापूर्वीच करून बसलो होतो अक्का, तुमची पोस्ट नंतर वाचली.

आज दुपारी एकशे साठ लेबलं काढली. गोडाऊनमधल्या पोरांना सांगितलं की पहिली दहा वाचून मगच चिकटवा, त्यांनी चक्क मोठ्यानं वाचली, अंगात आल्यासारखी. एकाही लेबलवर कंस नाही. ज्यांचा फोन खरंच कुठंच नाही अशा सहा पार्ट्या उरल्या, तिथं ती ओळच छापत नाही आता.

मालक खूश होऊन म्हणाले सगळं झालं तर आता पार्टीचं नाव मराठीत पण टाका की. ओडूत मराठी नाव आहे, आरपीसीतनं व्यवस्थित येतंय, लेबलमधे आपल्या कोडमधे पण व्यवस्थित दिसतंय, आणि प्रिंटर मात्र नुसते चौकोन काढतोय. त्याच्या आत देवनागरीचा फॉन्टच नाही म्हणे, नावाचं चित्र करून पाठवावं लागेल. त्याचा वेगळा धागा काढतो उद्या, थर्मल प्रिंटर कुणी हाताळलाय का तेवढं सांगून ठेवा. यात्रेतले नंदीध्वज निघायच्या आत व्हायला पाहिजे.

---

लूमचा_आवाज

मी हाताळलाय. काढ धागा, येतो.